आरोपीच्या वकिलाचीही तरतूद करा
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

एखादे अमानुष कृत्य घडले की पुढच्या चार-आठ दिवसांत वर्तमानपत्रांतून दोन बातम्या बहुधा येतातच. पहिली, कायदा अधिक कडक करावा अशी मागणी झाल्याची. दुसरी, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वकील मंडळींनी आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केल्याची. दोन्ही बातम्या वाचून आपण सुखावतो. कट्ट्यावर, वर्गात, एवढेच काय, पण प्राध्यापकांच्या खोलीतही या ठरावांचे कौतुकच होते. मला मात्र या दोन बातम्या एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या वाटतात. कायदा जितका कडक, तितका आरोपीचा वकील अधिक समर्थ हवा; कारण कडक कायद्याखाली चुकीचा माणूस सापडला तर त्याचे होणारे नुकसानही तितकेच कडक असते. शिवाय त्या चुकीच्या माणसाबरोबर खरा गुन्हेगार मोकळा सुटतो, हे वेगळेच.

वकीलपत्र न घेण्याचे असे ठराव घटनेच्या आणि वकिली धर्माच्या विरुद्ध असून त्यांना कायद्यात काही किंमत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच दिलेला आहे. तामिळनाडूतील कोइमतूरच्या वकिलांनी केलेल्या ठरावावरून तो वाद निर्माण झाला होता. निर्वाळा झाला, पण ठराव काही थांबले नाहीत. लोकभावनेपुढे निकालपत्र टिकत नाही, हे आपल्याकडे जुनेच आहे.

वास्तविक महाराष्ट्राला आरोपीच्या वकिलाचे वावडे असण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयात ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर संगमरवरी फलकावर कोरलेले शब्द एका आरोपीचे आहेत, हे आपण विसरतो. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांच्या जामिनाचा अर्ज बॅ. जीनांनी चालवला आणि न्या. दावर यांनी तो फेटाळला. गंमत अशी की, १८९७ सालच्या पहिल्या खटल्यात हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, आणि तेव्हा न्या. बद्रुद्दिन तय्यबजी यांनी जामीन दिलाही होता. खुर्ची बदलली की माणूस किती बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण राज्यशास्त्राच्या पुस्तकातही सापडायचे नाही! पुढे टिळकांनी आपली बाजू स्वतःच २१ तासांहून अधिक वेळ बोलून मांडली, आणि तरीही ७ विरुद्ध २ अशा मताने ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. सहा वर्षांची शिक्षा झाली. पण १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथील होमरूलच्या भाषणांबद्दल त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला, तेव्हा जीनांनीच उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली आणि तो हुकूम रद्द झाला. आरोपी एकच, शब्दही बरेचसे त्याच वळणाचे. एकदा मंडाले आणि एकदा सुटका. या फरकाचे सगळे श्रेय वकिलाला देता येणार नाही, काळही बदलला होता. तरी वकिलाचा वाटा त्यात होताच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर अधिक जवळचे. घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते आरोपींचे वकील होते. १९२६ सालच्या ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू घेतली आणि अपिलात ती मंडळी सुटली. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले तेही बाबासाहेबच. तो खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. मला स्वतःला हा हरलेला खटला जिंकलेल्या खटल्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्या माणसाच्या बाजूने उभे राहण्यात ना पैसा ना लौकिक, त्याच्यासाठी एका मोठ्या वकिलाने आपला वेळ दिला. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे कलम त्यांनीच मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे ते सांगते. ज्याने कोर्टात आरोपीच्या शेजारी उभे राहून पाहिले होते, त्याच्या हातून हे कलम मांडले जावे, यात मला नवल वाटत नाही.

पण पसंतीचा वकील करायला पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर यायला आणखी जवळजवळ तीस वर्षे गेली, आणि त्या उत्तराचा उगम महाराष्ट्रातल्या एका खटल्यात आहे. आपल्या महाविद्यालयीन जगाशी त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून सांगतो. सौराष्ट्र विद्यापीठातील एका प्रपाठकावर कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्यासाठी शिक्का बनवून घेण्याच्या खटपटीचा आरोप सिद्ध झाला. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढ्यावर सोडले, उच्च न्यायालयाने ती शिक्षा तीन वर्षांवर नेली. निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही म्हणून अपील करायला उशीर झाला, असे या गृहस्थांचे म्हणणे होते. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांची याचिका फेटाळली. मात्र तसे करताना कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे, हे तत्त्व घालून दिले. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. बनावट पदवीच्या खटल्यातून गरिबाचा हक्क जन्माला यावा, हे मोठे विलक्षण आहे.

त्यानंतर १९८३ साली पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्री-कैद्यांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावरून न्या. भगवती यांनी, अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदा साहाय्य समितीला कळवले पाहिजे, असा आदेश दिला. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली झाला, अमलात आला १९९५ साली. त्यातील कलम १२ प्रमाणे कोठडीतला माणूस, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे.

हक्क असा पायरीपायरीने आला, पण त्या हक्काला हातपाय नव्हते. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाला प्रकरण सोपवायचे, त्याने आपल्या पैसे देणाऱ्या अशिलांची कामे उरकून मग इकडे वळायचे, तुटपुंजी फी कधी तरी मिळायची, असा कारभार होता. चांगले वकील त्यातही होते, पण व्यवस्था म्हणून ती लंगडीच. २०२२ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने नवी योजना आणली. जिल्हा न्यायालयात आरोपींसाठी पूर्णवेळ वकिलांचे एक कार्यालय असावे, त्यात मुख्य, उप आणि साहाय्यक असे वकील असावेत, त्यांनी खासगी वकिली करू नये, अशी ती कल्पना. आपल्याकडे याला लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. सरकारी वकिलांचे जसे कार्यालय, तसे हे आरोपीच्या वकिलांचे.

आमच्या वर्गातील काही जण या वर्षी जिल्हा न्यायालय पाहायला गेलो होतो, तेव्हा असे एक कार्यालय मी पाहिले. दोन टेबले, एक कपाट, भिंतीला लावलेल्या फायली, आणि बाहेरच्या बाकावर बसलेली माणसे. थाट म्हणावा असे काही नाही. तिथले काम मात्र पाहण्यासारखे होते. सकाळी रिमांडच्या वेळेला हजर राहायचे, दुपारी सुनावणीला, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना भेटायचे. एक तरुण साहाय्यक वकील वहीत तारखा मांडून हिशेब करीत होते. मोटारसायकल चोरीच्या आरोपात चौदा महिने आत असलेल्या एका मुलाचा तो हिशेब होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोप आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर काही अपवाद सोडून त्याला सोडायला हवे. चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे एक वर्षानंतरच त्याच्या सुटकेचा विचार व्हायला हवा होता. दोन महिने जास्त का झाले? कोणी मोजलेच नव्हते म्हणून.

बाकावर एक म्हातारी बसली होती. मुलाला जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. वकील तिला सांगत होते, “मावशी, पैसे काही द्यायचे नाहीत. ओळखीत कोणाची घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा असेल तर त्यांना घेऊन या. नाहीच मिळालं तर आपण जातमुचलक्यावर सोडा म्हणून अर्ज करू.” तिचा विश्वास बसत नव्हता. तिने पदराच्या गाठीतले पैसे दोनदा पुढे केले आणि त्यांनी दोनदा परत केले. अशा कार्यालयाचे यश सांगायचे ते हेच, आणि ते वर्तमानपत्रात येत नाही. कोणी तरी दिवस मोजले, कोणी तरी जातमुचलक्याचा अर्ज लिहिला, एवढीच ती कामगिरी.

आता आपल्या राज्याने अलीकडे जी विधेयके केली, त्यांच्याकडे वळतो. डिसेंबर २०२० मध्ये शक्ती विधेयक मांडले गेले. स्त्रियांवरील अत्याचारांना फाशीपर्यंत शिक्षा, १५ कामकाजाच्या दिवसांत तपास, ३० दिवसांत खटला, असा त्याचा मूळ आराखडा होता. संयुक्त समितीकडून बदल होऊन डिसेंबर २०२१ मध्ये ते मंजूर झाले. परंतु राष्ट्रपतींच्या संमतीवाचून ते अडले, आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहिताच बदलल्यामुळे ज्या कलमांत ते दुरुस्ती करणार होते ती कलमेच उरली नाहीत. विधेयकात विशेष न्यायालये होती, विशेष सरकारी वकील होते, विशेष पोलीस पथके होती. तीस दिवसांत फाशीपर्यंत जाऊ शकणाऱ्या खटल्यात बचावाची तयारी कोणी आणि कशी करायची, याचा विचार चर्चेत फारसा ऐकू आला नाही. स्त्रियांवरील अत्याचारांबद्दलचा संताप मला कोणापेक्षा कमी नाही. पण घाईने दिलेली शिक्षा अपिलात मोडली, तर त्या पीडितेच्या हाती काय राहते?

दुसरे विशेष जनसुरक्षा विधेयक. २०२४ मध्ये ते प्रथम आले. पुढे संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये १० तारखेला विधानसभेने व ११ तारखेला विधान परिषदेने ते मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांसाठी हा कायदा आहे, असे सरकारचे म्हणणे. मतभेद दडपण्यासाठी त्याचा उपयोग होईल, असे विरोधकांचे. त्या वादात मी येथे शिरत नाही. बेकायदा ठरवलेल्या संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत, सदस्य नसूनही मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. मला लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. संघटनेवरील बंदी योग्य की अयोग्य हे ठरवणाऱ्या सल्लागार मंडळात समितीने बदल सुचवले. उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, निवृत्त जिल्हा न्यायाधीश एक सदस्य, आणि तिसरे सदस्य उच्च न्यायालयातील सरकारी वकील. सरकारने केलेल्या बंदीचा विचार करणाऱ्या तिघांत सरकारचा वकील एक! मग त्याच्या समोर दुसऱ्या बाजूचा वकील का नसावा? कायदा करणाऱ्यांना सरकारी वकील आठवतो, आरोपीचा आठवत नाही, याचा याहून उघड पुरावा शोधायला नको.

योगायोग असा की विधान परिषदेने विधेयक मंजूर केले तो ११ जुलै हा मुंबईच्या लोकल गाड्यांतील २००६ सालच्या बॉम्बस्फोटांचा दिवस. आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ जुलै २०२५ रोजी, त्याच स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्यांपैकी पाच जणांना २०१५ साली फाशी सुनावण्यात आली होती. त्यातला एक निकालाआधीच तुरुंगात वारला. खटला मोक्काखाली चालला होता. त्या १९९९ सालच्या राज्याच्या कायद्यात पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालतो. हेच कबुलीजबाब उच्च न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरू नये एवढी स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले नाही. अपिलाचे पुढे काय व्हायचे ते होवो. एकोणीस वर्षांनी ज्यांचे नातेवाईक स्फोटात गेले त्यांनाही उत्तर मिळालेले नाही आणि जे तुरुंगात होते त्यांचीही उमेद गेली, एवढे खरे.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारा खटला नाशिक जिल्ह्यातला आहे. २००३ साली पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, फेरविचारात, सहाही जण निर्दोष असल्याचे सांगून प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला फर्मावले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि तो भाग दाबून ठेवला गेला होता! सोळा वर्षे. कायदा पुरेसा कडक नव्हता, असे येथे कोण म्हणेल? फाशी तर होतीच. कमी पडला तो सुरुवातीपासून खोदून उलटतपासणी घेणारा, पोलिसांचे कागद मागणारा वकील. सहा भटक्यांना तसा वकील कुठून परवडणार?

यावर ठरलेला प्रश्न येतो, तो कसाबचा. त्यालाही वकील द्यायचा का? दिलाच होता. त्याच्यासाठी नेमलेल्या वकील बाईंच्या घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. तरी एकामागून एक वकील नेमून खटला पूर्ण चालवला गेला, सर्वोच्च न्यायालयातही त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील उभे राहिले, आणि २०१२ साली त्याची फाशी कायम होऊन अमलात आली. वकील दिल्याने तो सुटला नाही. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा हाताने काढलेल्या नकाशांचा पुरावा टिकला नाही. ते सत्र न्यायालयात सुटले आणि ती सुटका वरपर्यंत कायम राहिली. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी हे निकालापूर्वीच, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, कुर्ल्यातील आपल्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले. त्यांच्यावर निघालेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे. वकीलपत्र न घेण्याचे ठराव त्या खटल्यात पाळले गेले असते, तर कसाबबरोबर हे दोघेही कदाचित गेले असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. लोक अभिरक्षक कार्यालय आज एका योजनेवर उभे आहे. तेथील वकील कंत्राटी, सुरुवातीला दोन वर्षांचे आणि मग वर्षावर्षाच्या मुदतवाढीचे. सरकारी वकिलाचे पद मात्र संहितेच्या कलम १८ ने दिलेले. दोघांनी एकाच न्यायाधीशापुढे उभे राहायचे, आणि एकाचे पाय जमिनीवर तर दुसऱ्याचे कंत्राटाच्या कागदावर, हे बरोबर नाही. राज्याने आता या कार्यालयाचाच कायदा करावा. त्यात नेमणुकीची मुदत, वेतन, तालुक्याच्या न्यायालयापर्यंतची व्यवस्था आणि स्वतंत्र तपासणीसाठी थोडा खर्च असावा. जे विधेयक नवा अजामीनपात्र गुन्हा निर्माण करील, त्याच्याबरोबर बचावाच्या खर्चाची तरतूदही सभागृहापुढे ठेवली जावी.

‘सरकारकडे पैसा कुठे आहे?’ असे कोणी म्हणेल. विशेष न्यायालयांना आणि विशेष सरकारी वकिलांना तो मिळतोच. शिवाय एका गोष्टीला तर विधेयकही लागत नाही. सत्र न्यायालयातील खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे राज्य सरकार साध्या अधिसूचनेने ती खालच्या न्यायालयांतील खटल्यांनाही लागू करू शकते.

जनसुरक्षा विधेयकावर आलेल्या बारा हजारांहून अधिक सूचनांत आपल्या महाविद्यालयातून गेलेली एकही माझ्या ऐकिवात नाही. या वेळी आमच्या वर्गातील सात-आठ जणांनी विधी व न्याय विभागाला पाठवायचे एक निवेदन तयार करायला घेतले आहे. मसुदा राज्यशास्त्र विभागात ठेवला आहे. ज्यांना सही करायची त्यांनी करावी, ज्यांना पटत नाही त्यांनी समासात तसे लिहावे, आणि प्राध्यापकांनी आमची कलमे व भाषा तपासून द्यावी, एवढी विनंती.